अंगणात उतरलेले पाहुणे



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "अंगणात पाहिलेत तेच सांगा," म्हणून उभी राहिले.

आमच्या नांदेडच्या घरी दारात कण्हेर आहे. चार वर्षांपूर्वी श्रावणात तिच्यावर लांब काळ्या मिशांच्या अळ्या पडल्या. मला किळस आली, औषध फवारले. पानांखाली चांदीच्या घुंगरांसारखे चकचकीत कोष लोंबत होते, तेही झाडून केरात टाकले.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांवर वाळकी पाने दिसली. वारा नव्हता, तरी ती हलत होती! जवळ गेले तर पंख मिटून बसलेली फुलपाखरे; काही निळसर पट्ट्यांची, काही काळपट, कडेला पांढरे ठिपके असलेली. रात्रभर तशीच बसली. सकाळी ऊन लागल्यावर पंख पसरले आणि एकाच दिशेला निघून गेली. मुलगी म्हणाली, "आई, त्यातली काळी म्हणजे तू केरात टाकलीस त्यांचीच भावंडे." त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरचे इंग्रजी पुस्तक २००८ साली निघाले आहे. ते मुलीने शाळेतून आणून मला समजावून दिले. दक्षिणेत ही फुलपाखरे पावसाळ्याच्या तोंडी सह्याद्रीकडून पूर्वेच्या मैदानांत जातात आणि पाऊस सरल्यावर परततात. अळ्या कण्हेरीचा विषारी चीक पचवतात, म्हणून पाखरे त्यांच्या वाटेस जात नाहीत. नर खुळखुळ्याच्या वाळल्या काड्या चोखतात आणि त्यातून मादीला रिझवण्याचा गंध तयार करतात. हसू नका, पुस्तकातच आहे!

माझे माहेर लातूरकडचे. तिथे माळावर तरवड फुलला की फिकट पिवळी, पांढरी फुलपाखरे दिसत. तीही प्रवासीच. त्यांच्या अळ्या तरवड, तरोटा, बहावा खातात. तरोट्याची भाजी आपणही खुडतो. थोडा त्यांच्यासाठी ठेवायचा हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते.

यंदा घरी सगळ्या अंगणात फरशी घालायचे ठरले. मी हट्ट धरला. "अळ्यांसाठी चिखल तुडवायचा का?" असे ऐकून घेतले, दोन दिवस अबोला झाला. शेवटी निम्मे अंगण मातीचे राहिले. कण्हेर, कडुनिंब आणि कुंपणालगतची खुळखुळ्याची झुडपे वाचली.

यंदा कण्हेरीवर सात कोष मोजले. एक मुंग्यांनी खाल्ला, सहा उडाली. दसऱ्याच्या मागेपुढे पाहुणे उतरले, तर निरोप धाडीन. मुलांना घेऊन या. फक्त फांदी हलवू देऊ नका.