गुंगा काय म्हणतोय?

हेडफोन असतील तर लावा, आजचा विषय कानांचा आहे. कापुएरा.

हो, रीलमध्ये दिसतो तोच. पांढऱ्या पँटी, हवेत पाय, कोलांट्या. मीही ते बघूनच शिकायला गेलो आणि पहिले काही दिवस नुसत्या टाळ्या वाजवत बसलो. जाम वैतागलो होतो!

हा ब्राझीलचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी घडवलेला. तिथे १८८८ साली गुलामगिरी संपली आणि १८९० च्या दंडसंहितेने कापुएराच गुन्हा ठरवला. घोड्यांच्या टापांसारखी एक चाल आहे, ‘कावालारिया’. सांगतात की घोडेस्वार पोलीस येताना दिसले की ती वाजवून सावध करायचे.

तर वाद्य. बेरिंबाऊ म्हणजे धनुष्यच. लाकडी काठी, पोलादी तार (बऱ्याचदा जुन्या टायरमधली) आणि खाली पोकळ भोपळा. एका हाताच्या करंगळीवर सगळा भार, त्याच हातात तारेला टेकवायचा दगड. दुसऱ्या हातात काडी आणि खुळखुळा. भोपळा पोटाशी नेला की आवाज दबतो, दूर नेला की खुलतो. करंगळी पहिल्याच दिवशी रडते.

माणसांच्या रिंगणाला म्हणतात ‘होदा’. तिथे बहुतेक वेळा तीन बेरिंबाऊ असतात आणि सर्वांत खर्जातला गुंगा मालक. (हिंदीतला मुका नव्हे, उलट हाच बोलतो!) खेळ कधी सुरू, किती वेगात, कधी बंद, हे तो ठरवतो. ‘आंगोला’ चाल लागली की संथ, जमिनीलगत. आणि कापुएरा ‘खेळतात’. गुण नाहीत. मी पाय फिरवला की तू खाली वाकून निसटायचं आणि तिथूनच उत्तर द्यायचं.

मला हे तोंडपाठ होतं. तरी एकदा जोशात गुंगा मंदावलेला ऐकलाच नाही. समोरची मैत्रीण ऐकत होती, ती सावकाश झाली. माझी टाच थेट तिच्या कानशिलावर. ती खाली बसली, रिंगण गप्प. तिला फार लागलं नाही, नशीब. पण पुढचे तीन आठवडे मला फक्त डफ वाजवायला दिला. तेव्हा कुठे तिन्ही बेरिंबाऊ वेगवेगळे ऐकू यायला लागले.

तुम्हीही एखादा होदा लावा, स्क्रीन उलटी ठेवा आणि गुंगा कुठला ते शोधा. सापडला की व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!