वंध्यत्व : आधी पुरुषाची तपासणी
(व्याख्यान)



मराठी भाषेत अपत्यहीन स्त्रीसाठी ‘वांझ’ हा शब्द आहे. तो इतका रुळला आहे की फळ न धरणाऱ्या झाडालाही सहज लावला जातो. अपत्यहीन पुरुषासाठी मात्र तसा शब्दच नाही. ‘नपुंसक’ हा जो शब्द वापरला जातो, तो निराळ्याच दोषाचा वाचक होय. शरीरसंबंधाची क्षमता असणे आणि वीर्यात पुरेसे, सशक्त शुक्राणू असणे या स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली पूर्णपणे असूनही दुसरी मुळीच नसू शकते. शब्दांच्या या गल्लतीमुळे तपासणीचे नाव काढताच आपल्या पौरुषावरच संशय घेतला गेला, असे पुरुषास वाटते.

याचे भोग घरातील सुनेच्या वाट्याला येतात. सोनोग्राफी तिची, गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी तिची, दुर्बिणीची तपासणीही तिचीच. उपवास आणि नवससायासही तिनेच करावयाचे. क्वचित तिला माहेरी धाडून दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू होतात. या साऱ्या काळात पतीची वीर्यतपासणी मात्र झालेलीच नसते. वस्तुतः ती सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषातील दोष हे एकमेव कारण तरी असते किंवा इतर कारणांच्या जोडीला तरी असतो. ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने नांदेडचा गृहस्थ लातूर गाठतो आणि लातूरचा नांदेड. शंभराहून अधिक किलोमीटरची ही यातायात तपासणी टाळण्यापेक्षा केव्हाही बरी!

प्राचीनांना हा संकोच नव्हता. चरकसंहितेत शुक्राचे 8 दोष स्पष्टपणे सांगितलेले आहेत. ही दृष्टी पुढे लोकव्यवहारातून कशी लोपली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेनुसार 1 मिलिलिटर वीर्यात 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि त्यांपैकी 42 टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा मानली जाते. ही उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नव्हे. याहून कमी संख्या असलेले पुरुषही पिता होतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या तीव्र तापाचा परिणाम आजच्या अहवालात उमटू शकतो. एका अहवालावर खचून न जाता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. उपचारांचे फळही तीन महिन्यांआधी अपेक्षू नये.

अंडकोशातील शिरा फुगणे, अर्थात व्हेरिकोसील, हे सर्वाधिक आढळणारे आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकणारे कारण आहे. वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणांवर उतरल्यास, क्षयरोगाने शुक्रवाहिनी बंद झाल्यास किंवा गुणसूत्रांत जन्मजात दोष असल्यासही शुक्राणू घटतात वा नाहीसे होतात. तंबाखू, मद्य आणि स्थूलता यांचा वाटाही मोठा. वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागते. म्हणून भट्टीपाशी तासन्‌तास काम करणाऱ्याने आपला व्यवसाय वैद्यकांस अवश्य सांगावा. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यानेही सांगावा. कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशक कारखान्यातील कामगारांनी 1977 मध्ये आपणांस मुले होत नाहीत हे आपसांतील बोलण्यातून ताडले आणि डीबीसीपी या रसायनाचा दोष उजेडात आला. पुरुष एकमेकांशी बोलले, म्हणून हे कळले.

बसस्थानकाच्या भिंतींवरील ‘गुप्तरोगा’च्या जाहिरातींना भुलणारे अनेक आहेत. ‘ताकदी’साठी किंवा व्यायामशाळेत पीळदार शरीरासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी वृषणांतील शुक्राणूनिर्मिती उलट मंदावते, कधी शून्यावर येते. ती बंद केल्यावर बहुधा काही महिन्यांनी पूर्ववत होते, पण हे विचारतो कोण?

वीर्यात एकही शुक्राणू नाही, असा अहवाल आला तरी मार्ग खुंटत नाही. निर्मिती होत असून वाट अडलेली असेल, तर सुईने वृषणातून शुक्राणू मिळविता येतात. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून नलिकाबालिका जन्मली. पण मोजकेच शुक्राणू असलेल्या पुरुषास खरा आधार मिळाला तो 1992 मध्ये. ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या, म्हणजे इक्सीच्या, पद्धतीने गर्भधारणा झाल्याचे त्या वर्षी जाहीर केले. एकेकाळी यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागे. आता नांदेड-लातूरलाही अशी केंद्रे आहेत. 2021 च्या कायद्यान्वये त्यांना नोंदणी बंधनकारक आहे. ती पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. खर्च मोठा असतो आणि यशाची हमी कोणीही देऊ शकत नाही.

तपासणीपूर्वी 2 ते 7 दिवस संयम पाळावा. नमुना तासाभरात तपासला जाणे इष्ट असते. म्हणून कंधार, अहमदपूर, औसा अशा गावांहून एस.टी.ने येणाऱ्याने तो बाटलीत घालून घरून आणू नये. प्रयोगशाळेतच द्यावा, आणि तेथे बंद दाराची खोली आहे काय, हे आधी निःसंकोच विचारून घ्यावे.