कॉम्प्युटरचा पत्ता बदलताना

१ ऑगस्ट २०१४ ला आपला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. घर तिथंच, उंबरा तिथंच, बोईसरचा पिनकोडही ४०१५०१ तोच राहिला. फक्त पत्त्यातलं 'जिल्हा ठाणे' गेलं आणि 'जिल्हा पालघर' आलं. कॉम्प्युटरचंही असंच असतं. तो टेबलावरून हलत नाही, तरी कधी कधी त्याचा पत्ता बदलावा लागतो.

आमचा गट तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पुरवतो. महिन्याची बिलं गटाच्या कॉम्प्युटरवरून पाच तारखेच्या आत पाठवावी लागतात, नाहीतर पैसे पुढच्या महिन्यावर जातात. या पावसाळ्यात विजेनं राऊटर जळला. नवा आला, मोबाईलला नेट मिळू लागलं, कॉम्प्युटरला मात्र मिळेना. दुरुस्तीवाले भाऊ म्हणाले, दोन दिवसांनी येतो. तारीख होती तीन. मग एकीच्या लेकीनं फोनवर सांगितलं आणि आम्ही इकडे टाइप केलं.

हा पत्ता चार आकड्यांचा असतो. आमचा होता १९२.१६८.१.५०. आपल्या घरगुती जाळ्यात बहुतेक वेळा पहिले तीन आकडे म्हणजे पाडा आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. जुन्या राऊटरचा पाडा १९२.१६८.१ होता, नव्याचा निघाला १९२.१६८.०. दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून हिशोबाची फाइल उघडता यावी म्हणून कॉम्प्युटरला पत्ता कायमचा नेमून दिलेला होता. त्यामुळे तो जुन्याच पाड्यात बसून राहिला. मोबाईलला राऊटर आपोआप पत्ता देतो, म्हणून त्याचं अडलं नाही.

आता कृती, विंडोजवाल्या कॉम्प्युटरसाठी. वही-पेन घ्या. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल, त्यावर उजवं बटण दाबून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी खिडकी उघडते. बघून धडकी भरते, पण नुसती उघडल्यानं काही बिघडत नाही.

आधी 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर दाबा. जुना पत्ता, मास्क, गेटवे दिसतील, ते वहीत उतरवा. जोडणीचं नावही तिथंच असतं, आमचं 'ईथरनेट' होतं. मग लिहा: नेटएसएच इंटरफेस आयपी सेट अ‍ॅड्रेस "ईथरनेट" डीएचसीपी. सगळं इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडून. याचा अर्थ, राऊटर देईल तो पत्ता घे. पुन्हा 'आयपीकॉन्फिग' केलं की नवा गेटवे कळतो, आमचा १९२.१६८.०.१ आला. गेटवे म्हणजे आपलं बोईसर स्टेशन समजा, मुंबईला जायचं तर तिथूनच.

एका पाड्यात एकाच नंबरची दोन घरं चालत नाहीत. म्हणून 'पिंग १९२.१६८.०.५०' लिहून पाहिलं. कुणी ओ दिली नाही, म्हणजे नंबर बहुधा मोकळा. (काही यंत्रं हाक ऐकूनही गप्प राहतात, म्हणून बहुधा.) मग पुन्हा तीच ओळ, फक्त 'डीएचसीपी'च्या जागी: स्टॅटिक १९२.१६८.०.५० २५५.२५५.२५५.० १९२.१६८.०.१. म्हणजे पत्ता, मास्क, गेटवे, याच क्रमानं. शेवटी नेटएसएच इंटरफेस आयपी सेट डीएनएस "ईथरनेट" स्टॅटिक १९२.१६८.०.१. ही ओळ राहिली तर पत्ता बरोबर असूनही एकही साइट उघडत नाही, कारण साइटच्या नावाचा आकडा शोधून देणारा डीएनएसच असतो.

बिलं चार तारखेला गेली.

बँकेच्या किंवा सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर हे करू नका, तिथले पत्ते त्यांची माणसं ठरवतात. आणि अनोळखी माणूस फोनवर 'ताई, काळ्या खिडकीत एवढं टाइप करा' म्हणाला, तर फोन ठेवा. आम्हाला सांगणारी घरची लेक होती, आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारूनच आम्ही एंटर दाबलं.

लॅपटॉपवर फाइलच्या वाटेत जुना पत्ता लिहिलेला असेल, तर तिथंही नवा लिहावा लागतो. प्रिंटर वायरनं थेट कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर त्याला काही करायला नको.