मागे उभी राहणारी पोरगी

कोणी निंदणाला निघाली असेल, कोणाची भाजी अजून चुलीवर असेल. कामं थांबवू नका, रेडिओ तेवढा चालू ठेवा. आज आम्ही फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. हसताय ना? आम्हालाही हसू आलं होतं. बचत गटाचं काम करणाऱ्या बायांनी कर्ज, हप्ता, शिलाई मशीन, शेळ्या यांवर बोलावं, फुटबॉलचं काय? पण विषय आमच्या बैठकीतूनच निघाला.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "आमची पोरगी आता खेळायला जाणार नाही." पोरगी नववीत. शाळेच्या फुटबॉलच्या टीममध्ये ती मागे, आपल्या गोलाच्या पुढ्यात उभी राहते. तालुक्याच्या सामन्यात समोरून आलेला चेंडू अडवायला ती धावली, आणि चेंडू तिच्याच पायाला लागून आपल्याच गोलात गेला. एक-शून्यने टीम हरली. परत येताना गाडीत तिच्याशी कोणी बोललं नाही. गावातल्या पोरांनी तिला 'घरभेदी' म्हणायला सुरुवात केली. बाप म्हणाला, पुरे झालं. आईलाही मनातून तेच वाटत होतं, असं तिने कबूल केलं.

आता ज्या तायांनी फुटबॉल कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका बाजूने अकरा जणी. एक गोलकीपर, तिच्या पुढे साधारण चार-पाच जणी बचावाला, त्यांना बचावपटू म्हणतात. मग मधल्या, आणि पुढे गोल मारणाऱ्या. गोल झाला की टाळ्या पुढच्या पोरीला. बचावपटूने नव्वद मिनिटांत वीस वेळा चेंडू अडवला तरी ते कोणाच्या लक्षात राहत नाही. एकदा चुकली की सगळ्यांना दिसतं. आपल्याच गोलात चेंडू गेला तर त्याला स्वयंगोल म्हणतात, आणि तो तिच्या नावावर लिहिला जातो. भाजीत रोज मीठ बरोबर असतं तेव्हा जेवणारा काही बोलतो का?

त्या ताईला आम्ही जी गोष्ट सांगितली ती दूरची नाही, आपल्याच राज्यातली आहे. 2022 साली सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई अशा तीन ठिकाणी सामने होते. 30 ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला. एकीकडे स्पेन, आधीच्या स्पर्धेचा विजेता. दुसरीकडे दक्षिण अमेरिकेतला कोलंबिया देश. ऐंशी मिनिटं झाली तरी कोणाचाच गोल नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाच्या गोलापुढे चेंडू आला, आणि तो अडवायच्या धडपडीत आना मारिया गुझमान नावाच्या त्यांच्या बचावपटूला लागून आत गेला. सामना तिथेच संपल्यासारखा झाला. स्पेन एक-शून्यने जिंकला.

विचार करा, सतरा वर्षांची पोरगी. घरापासून अर्ध्या जगाच्या अंतरावर. विश्वचषकाचा अंतिम सामना, एकच गोल, आणि तो आपल्याकडून, आपल्याच विरुद्ध. आपल्या तालुक्याच्या मैदानावर फार तर शंभर माणसं असतील. तिची चूक सगळ्या जगाने पाहिली.

स्पेनच्या पोरींचंही सांगायला हवं. त्यांच्या बचावफळीने त्या दिवशी एकही गोल होऊ दिला नाही. विश्वचषक जिंकला त्यात अर्धा वाटा त्यांचा. पण त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला कोणी सांगेल का? चुकलेलीचं नाव मात्र पेपरात आलं.

आता पुढचं ऐका. पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, मोठ्या बायांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. कोलंबियाच्या मोठ्या टीममध्ये कोण होती? तीच आना मारिया गुझमान. तिला कोणी घरी बसवलं नव्हतं. 8 ऑगस्टला मेलबर्नला जमैकाविरुद्धचा सामना होता, हरणारा संघ घरी जाणार असा. गुझमान बचावफळीत. दुसऱ्या अर्ध्यात तिने डावीकडून लांबवर चेंडू दिला, कातालिना उस्मेने तो पायावर घेतला आणि गोल केला. पुन्हा एक-शून्यच, पण या वेळी कोलंबिया जिंकला, आणि त्या देशाच्या बाया पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेल्या. नवी मुंबईच्या त्या संध्याकाळपासून हा दिवस मोजून पाहा. नऊ महिने नऊ दिवस भरतात. बैठकीत हे सांगितलं तेव्हा सगळ्या बाया एकदम हसल्या.

सतरा वर्षांखालच्या मुलींच्या त्या 2022 च्या विश्वचषकात आपल्या देशाची टीमही होती. तिची कप्तान अष्टम उरांव, तीही बचावपटू. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या गोर्राटोली नावाच्या लहानशा गावची. आईबाप मजुरी करणारे. पोरगी हजारीबागला राहून फुटबॉल शिकली आणि देशाची कप्तान झाली. तेव्हा सरकारने तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला. त्या रस्त्याच्या कामावर मजूर कोण? तिचेच आईबाप, दिवसाला अडीचशे रुपयांवर. घरात टीव्ही नव्हता. पोरीचा सामना पाहता यावा म्हणून प्रशासनाने तो बसवून दिला.

सामने कसे झाले ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेने आठ गोल केले, मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. आपला एकही नाही. तीन सामन्यांत सोळा गोल, आणि समोर उभी कप्तान बचावाची. लोकांना म्हणायला सोपं असतं, कशाला गेल्या होत्या? आम्हाला विचाराल तर अमेरिकेच्या पोरी पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून मैदानावर असतात, त्यांच्याशी पहिल्यांदा गाठ पडली की असंच व्हायचं. आपल्याकडे पोरीला मैदानापर्यंत पोचेपर्यंतच दहा जणांची परवानगी लागते. ती पोचली की ओढणी, वेळ, अंधार, सोबत कोण. मग चेंडू.

नागपूरचं नाव या बाबतीत कमी नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्यांच्यावरच 'झुंड' सिनेमा निघाला, तो पुष्कळ जणींनी पाहिला असेल. त्यांची स्लम सॉकर संस्था नागपूरजवळ बोखाऱ्याला आहे आणि तिथे मुलींनाही शिकवतात. सावनेरहून ते काही परदेश नाही.

पण आम्हाला खरं बोलायचं आहे ते आपल्याबद्दल. त्या पोरीच्या गोष्टीवर आम्ही बैठकीत इतकं बोललो, गावातल्या पोरांना नावं ठेवली, आणि मग एक म्हातारी काकू शांतपणे म्हणाली, "अन् आपण काय केलं होतं?" सगळ्या गप्प झाल्या. कारण दोन वर्षांपूर्वी त्याच गटात कोषाध्यक्ष बाईच्या हातून एक नोंद चुकली होती. बँकेत भरलेला बेचाळीसशेचा हप्ता तिने बचतीच्या रकान्यात लिहिला. दोन महिने हिशेब जुळेना, एकमेकींवर संशय आला, आवाज चढले. चूक सापडली, एक पैसाही कुठे गेला नव्हता. तरी आपण तिला पदावरून काढलं. त्याआधी सात वर्षं तिने पदरचा वेळ घालून हिशेब ठेवला होता, पावसात, सुगीत, बाळंतपणातसुद्धा. त्या सात वर्षांबद्दल तिला कोणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. आणि समन्वयक म्हणून आम्ही तिथे बसलो होतो. आम्हीही काही बोललो नाही. बैठक लवकर उरकायची घाई होती, हे आमचं कारण. चांगलं कारण नाही.

ती आता गटात नाही. रस्त्यात दिसली तर हसते, पण थांबत नाही.

त्या दिवशी ठरावाच्या वहीत दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, कोषाध्यक्ष बाईकडे गटातल्या तिघींनी जायचं, परत या म्हणायचं, आणि आधी चुकलो म्हणायचं. गेल्या आठवड्यात गेलो. तिने चहा केला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पुढच्या बैठकीची तारीख मात्र विचारली.

दुसरी गोष्ट पोरीची. ती अनवाणीच खेळते हे आम्हाला तेव्हा कळलं. गटाच्या व्याजातून तिला बूट घ्यायचं ठरलं. एका ताईने विरोध केला, तिचं म्हणणं होतं की गटाचा पैसा एकीच्या पोरीवर का? प्रश्न बरोबरच होता. त्यावर अर्धा तास भांडण झालं, शेवटी बूट गटाच्या नावाने घ्यायचे आणि ही पोरगी शाळेतून निघाली की पुढच्या पोरीला द्यायचे असं ठरलं. मापाचं काय, ते कोणी विचारलं नाही.

बापाशी बोलायला त्या पोरीच्या मामाला सांगितलं होतं. मामाचं बोलणं झालं म्हणतात. बाप म्हणाला, रविवारी सकाळी सराव असतो ना, मी स्वतः येऊन बघतो काय खेळतात ते. सराव साडेसहाला आहे, शाळेच्या मागच्या मैदानावर. आम्हीही जाणार आहोत. जवळपासच्या तायांनी यावं, आपापल्या पोरींना घेऊन. पाऊस असला तरी यावं, पोरी पावसातही खेळतात.