एका म्यानात दोन लेखण्या

(अकोले येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दया पवारांच्या तालुक्यात उभं राहून गुळमुळीत बोलणं शोभत नाही. या अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या माणसानं १९७८ साली ‘बलुतं’ लिहिलं आणि घरातलं उघड्यावर मांडलं. मीही आज घरातलंच काढणार आहे. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ.

पँथर का फुटली, कुणालाही विचारा. उत्तर पाठ आहे. एक बुद्धवाला, एक मार्क्सवाला, पटलं नाही. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझं म्हणणं असं की, ही माणसं वेगळी होती म्हणून तुटली नाहीत. ती फार सारखी होती, म्हणून तुटली.

बघा ना. ढाले सांगलीकडच्या नांद्रेचे, ढसाळ पूर-कनेरसरचे. दोघंही खेडं सोडून मुंबईत वाढले. दोघांनाही लिटल मॅगझिनचं पाणी लागलेलं. १९७२च्या मे महिन्यात पँथर उभी राहिली. ऑगस्टमध्ये ‘साधना’त ढाल्यांचा लेख आला. झेंड्याच्या अपमानाला दंड किती आणि आमच्या बाईच्या अब्रूला किती, हा हिशेब त्यांनी देशाच्या तोंडावर फेकला. त्याच वर्षी ‘गोलपिठा’ आला आणि मराठी कवितेचं सोवळं फिटलं. एकाच वर्षात दोन स्फोट! दोघांनाही शिवी आणि सिद्धांत एकाच वाक्यात बसवता येत होता. दोघांनाही मागे हटणं ठाऊक नव्हतं.

शाहिराच्या मागं झीलकरी लागतो. इथं दोन्ही शाहीरच. झील धरणार कोण?

१९७३च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, सगळे शोषित आले. ढाल्यांना त्यात कम्युनिस्ट वास आला. प्रश्न रास्त होता, व्याख्याही रास्त होती. पण एकाच टेबलावर बसून दोघांनी मिळून दुसरा खर्डा केला नाही. जानेवारी १९७४मध्ये वरळी पेटली, भागवत जाधव मारला गेला. पोरं रस्त्यावर रक्त सांडत होती, आणि त्याच वर्षी संघटनेची दोन शकलं झाली. १९७७ साली ढाले आणि ज. वि. पवारांनी पँथर बरखास्त केली.

ज्यांच्यावरून आपण नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचंही हेच झालं. ह्यूई न्यूटन आणि एल्ड्रिज क्लीव्हर, दोघंही लिहिणारे, दोघंही आग. १९७१ साली फाटले. तिथं पोलिसांच्या हस्तकांनी काडी टाकली हे खरं, पण सरपण आपणच रचून ठेवलेलं असतं.

म्हणून कुणी म्हणेल, ताठ माणसं नकोतच. साफ चूक! वाकणारी माणसं पँथर काढत नाहीत, ती कमिटीवर जातात. ताठपणाला तोड म्हणजे लाचारी नव्हे. तोड म्हणजे संघटनेची शिस्त. निर्णय बैठकीत व्हावा, मतभेद आपल्याच अंकात दोन्ही बाजूंनी छापावेत, आणि कुणालाही काढायचं तर कार्यकर्त्यांना विचारून काढावं. हे तेव्हा नव्हतं. सगळा भार दोन माणसांच्या मैत्रीवर होता. मैत्री तुटली, छप्पर खाली आलं.

इथं अकोल्यात विधानसभेची जागा आदिवासींसाठी राखीव आहे. डोंगरात महादेव कोळी, ठाकर. गावाकडेला आपली वस्ती. तुम्हाला जाहीरनाम्याची व्याख्याही लागणार आणि ढाल्यांचा बुद्ध-आंबेडकरही. एकाला निवडून दुसऱ्याला शिव्या देण्याची चैन तुम्हाला परवडायची नाही.

ढसाळ २०१४ साली गेले, ढाले २०१९ साली. त्यांचा निवाडा करत बसू नका. दोघांनाही वाचा. आणि तुमच्यात दोन ताठ लेखण्या निघाल्या, तर त्यांची जोडी जमवायच्या भानगडीत पडू नका. दोघींना पुरेल एवढं मोठं म्यान शिवा.

जयभीम.