अ‍ॅन ग्रिफिथ्सची पदे आणि रूथची आठवण



विडी कामगारांच्या संघटकाने व्याख्यानमालेत उभे राहावे आणि वेल्समधल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कवयित्रीवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमच्या संघटनेतल्या मंडळींनी तर स्पष्टच विचारले, "देवाच्या पदांशी आपले काय काम?" आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथेच एकदा ह्या बाईची हकीकत वाचनात आली आणि ती डोक्यातून गेली नाही. का गेली नाही, ते शेवटी सांगू. आधी बाईची ओळख.

अ‍ॅन ग्रिफिथ्सचा जन्म १७७६ सालचा. वेल्सच्या उत्तरार्धात माँटगोमरीशायर नावाचा डोंगराळ परगणा होता. त्यात डोल्वार वाख ह्या शेतावर ती जन्मली. बाप जॉन इव्हान टॉमस हा कुळाने शेती करणारा. पोटापुरते पिकवणारा आणि मेंढ्या राखणारा. गावच्या चर्चमध्ये त्याला मान होता आणि फुरसतीला तो कवनेही जुळवी. त्या मुलखात लोकर मुबलक. घरोघर चरखा फिरे, फ्लॅनेलचे कापड विणले जाई, थंडीच्या रात्री शेजारीपाजारी एका चुलीशी जमून मोजे विणीत, गाणी म्हणत. अ‍ॅन अशाच घरात वाढली. तरुणपणी तिला नाचगाण्याचा मोठा नाद होता, असे तिला ओळखणारे सांगत.

ह्या लोकांची भाषा वेल्श. कोर्टकचेरीची भाषा सोळाव्या शतकापासून इंग्रजी झालेली. अशा भाषेला आधार मिळाला तो बायबलच्या भाषांतराचा. १५८८ साली विल्यम मॉर्गन ह्या धर्मगुरूने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये छापून आणले, आणि ते काम त्याने केले ते डोल्वार वाखच्या जवळच्याच एका गावी राहून. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स आणि त्याच्यामागून टॉमस चार्ल्स ह्यांनी फिरत्या शाळा काढल्या. मास्तर काही महिने एका गावी राही, लहानथोरांस वाचायला शिकवी आणि पुढच्या गावी जाई. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या शाळा शिकवीत ते वाचायला. लिहिणे हा निराळा हुन्नर होता, आणि तो गरिबाच्या वाट्याला क्वचित येई.

१७९४ साली अ‍ॅनची आई वारली. मुलगी अठराच्या आसपासची. घराचा कारभार तिच्या अंगावर पडला. १७९६ साली एका उपदेशकाचे प्रवचन तिच्या कानी पडले आणि तिच्या आयुष्याने वळण घेतले. पुढच्या वर्षी ती मेथडिस्टांच्या मंडळात शिरली. पॉन्टरॉबर्ट गावी हे लोक जमत. कोणाच्या मनात काय चालले आहे ते प्रत्येकाने उभे राहून सर्वांसमक्ष सांगायचे, अशी त्यांची रीत. शेतकरी, विणकर, मोलकरणी, सारे बोलत. महिन्यातून एकदा बाला ह्या गावी टॉमस चार्ल्सच्या हातून प्रभुभोजनाचा विधी होई. मेथडिस्टांचे स्वतःचे दीक्षित धर्मगुरू १८११ पर्यंत नव्हते, म्हणून बालालाच जावे लागे. वीस मैलांहून अधिक वाट, मध्ये बेर्विनचा डोंगर. अ‍ॅन आणि तिच्या सोबतिणी ती पायी तुडवीत. परतताना वाटेत ऐकलेल्या प्रवचनाची उजळणी चाले.

ह्या काळात तिला पदे सुचू लागली. कधी चरख्यावर, कधी वाटेवर. ती तिने छापण्यासाठी रचली नाहीत, सभेत म्हणण्यासाठीही नाहीत. स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी रचली. त्यांत विरोध समोरासमोर ठेवण्याची तिची हातोटी विलक्षण आहे: ज्याने जीव दिला तोच मरणाच्या स्वाधीन होतो, ज्याला बांधता येत नाही तोच बांधला जातो. बायबलमधली रूपके ती अशी वापरते, जशी घरातली भांडी हाताला न बघता सापडावीत. एका पदात ती जखऱ्या संदेष्ट्याचे दर्शन घेते आणि त्यातून आपल्या प्रियकराचे, म्हणजे ख्रिस्ताचे, रूप रंगवते. १९६५ साली साँडर्स लुइस ह्या वेल्श साहित्यिकाने राष्ट्रीय साहित्यमेळ्यात तिच्यावर व्याख्यान देऊन तिला युरोपच्या धार्मिक काव्यात थोर स्थान दिले.

आपणांस येथे जनाबाई आठवली असेल. आठवावीच. पण एक फरक आहे. जनी स्वतःच दासी होती आणि स्वतःच कवयित्री. येथे कवयित्री ही घरची मालकीण, आणि दासी दुसरीच आहे. तिच्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो आहोत.

तिचे नाव रूथ इव्हान्स. १८०१ च्या सुमारास ती डोल्वार वाखला कामाला लागली. दोघी एकाच मंडळातल्या. अ‍ॅन रचलेले पद रूथला म्हणून दाखवी, आणि रूथ ते काम करता करता घोकी. अ‍ॅन कधी एखादे कडवे चिठोऱ्यावर उतरवी, पण सारे लिहून ठेवावे असे तिला वाटत नसे. रूथला लिहिता येत नव्हते.

१८०४ च्या आरंभी अ‍ॅनचा बाप वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात टॉमस ग्रिफिथ्स ह्या शेतकऱ्याशी तिचे लग्न झाले. १८०५ च्या जुलैत तिला मुलगी झाली. ती दोन आठवड्यांतच गेली. मागोमाग ऑगस्टात अ‍ॅन गेली. वय अवघे एकोणतीस. तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आज उरले आहे ते एक पत्र आणि त्यातले एक कडवे. बस्स, एवढेच.

बाकीचे सारे रूथच्या डोक्यात होते.

रूथचे लग्न १८०५ सालीच जॉन ह्यूजेस ह्याच्याशी झाले होते. हा मूळचा विणकर, पुढे फिरत्या शाळांचा मास्तर. डोल्वार वाखला काही दिवस राहिलेला आणि अ‍ॅनशी पत्रव्यवहार असलेला. रूथने म्हणायचे आणि जॉनने वहीत उतरवायचे, असे ते काम झाले. सत्तरांहून थोडी अधिक कडवी त्यातून वाचली. त्या वह्या आज अ‍ॅबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १८०६ साली बाला येथे पदांचा संग्रह छापला गेला. संपादकांनी त्यात जागोजागी सफाई केली, शब्द बदलले. शंभर वर्षांनी, १९०५ साली, जॉनच्या वहीबरहुकूम पाठ छापला गेला तेव्हा लोकांना कळले की रूथची आठवण छापील पुस्तकाहून खरी होती.

आता आमच्या मंडळींच्या प्रश्नाकडे येतो. ह्या पदांचा कामगाराशी काय संबंध? ज्या मंडळांत विणकर आणि मोलकरणी उभ्या राहून बोलायला शिकल्या, त्याच चॅपलांतून वेल्सच्या खाणकामगारांचे पुढारी निघाले. १८९८ साली दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचा महासंघ स्थापन झाला; त्याचा पहिला अध्यक्ष विल्यम अब्राहम, ज्याला लोक माबोन म्हणत, सभेत गलका झाला की भजन सुरू करी आणि हजारो माणसे त्याच्यामागून गाऊ लागत. ते संदेष्ट्याच्या दर्शनाचे पद वेल्समध्ये आज ज्या प्रसिद्ध चालीवर म्हणतात, ती चाल खाणीत आणि पुढे रेल्वेत कारकुनी करणाऱ्या एका माणसाने १९०७ साली बांधली. योगायोग असा की त्याचेही नाव जॉन ह्यूजेसच. आणि २००३ साली कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स पदारूढ झाले, त्या सोहळ्यात अ‍ॅनचे एक पद त्यांच्याच इंग्रजी भाषांतरात गायले गेले. चरख्यापासून तेथवरचा हा प्रवास एका मोलकरणीच्या स्मरणावर झाला आहे.

ही हकीकत आमच्या डोक्यातून का गेली नाही, ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याशी आमचा तंटा चालू होता. विड्या मोजून घेताना मालकाचा माणूस कच्च्या म्हणून काही बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट वाजवीपेक्षा फार निघत होती, पण आमच्याकडे कागद नव्हता. कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. तेव्हा एक अंगठेबहाद्दर बाई पुढे झाली आणि कोणत्या आठवड्यात कोणाच्या किती विड्या छाटल्या, ते तिने म्हणून दाखवले. बाजाराचा वार, अमावास्या, कोणाच्या पोराचा ताप, अशा खुणांवर तिने चार महिन्यांचा हिशेब धरला होता. ती बोलत गेली, आम्ही लिहीत गेलो. पैसे परत मिळाले. वर्षाच्या अहवालात आम्ही छापले, "संघटनेने सादर केलेल्या तपशिलावरून." सही आमची. बाईचे नाव कोठेच नाही. त्यात काही चुकले असे आम्हांला तेव्हा वाटलेही नाही.

पुढे रूथची गोष्ट वाचली आणि आमची आम्हांला लाज वाटली. जॉन ह्यूजेसने निदान ती पदे आपली म्हणून सांगितली नाहीत. दुसऱ्या वर्षीच्या अहवालात आम्ही दुरुस्ती केली. बाईचे नाव छापले, तिने सांगितलेला तक्ता जोडला आणि एक प्रत तिच्या हातात दिली. तिने ती नातीकडून वाचून घेतली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत आली. आम्हांला वाटले, आभार मानायला आली असेल.

ती म्हणाली, "भाऊ, पोळ्याच्या आठवड्याचा आकडा चुकलाय. सत्तर नव्हत्या, नव्वद होत्या."

आम्ही जुनी वही काढून पाहिली. वहीत नव्वदच होते. उतरवून घेताना आम्हीच चुकलो होतो.