बिनतारी हत्यारांचें पथ्य
(नभोवाणीवरील भाषण)

'बिनतारी' हा शब्द कानीं पडतांच आपणांस प्रथम नभोवाणीची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. परंतु आज मी ज्या बिनतारी वस्तूंविषयीं बोलणार आहें, त्या सुताराच्या पिशवींत आणि अलीकडे आपल्या घरच्या कपाटांतही आढळतात. भिंतीस भोक पाडणारें ड्रिल, स्क्रू पिळणारें यंत्र, लहानशी करवत, या हत्यारांना पूर्वीं लांब वायर जोडलेली असे. आतां वायर जाऊन मुठीच्या तळाशीं बॅटरी बसली आहे. ती बॅटरी विजेनें कशी भारावी आणि कशी सांभाळावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण ज्याचें पोट हत्यारावर चालतें त्याला तो किरकोळ नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील मुखेड या तालुक्याच्या गांवीं एका कसबी सुताराशीं माझें बोलणें झालें. त्यानें ड्रिल घेतलें, त्याबरोबर दोन बॅटऱ्या मिळाल्या. पहिलें वर्ष उत्तम गेलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत एक बॅटरी अर्ध्या दिवसांत दम टाकूं लागली आणि मृगापूर्वींच दुसरीचीही तीच गत झाली. नवी बॅटरी म्हणजे त्याची कित्येक दिवसांची मजुरी. "माल खोटा निघाला," असें त्याचें म्हणणें. मीं त्याची दिनचर्या विचारली. दुकान पत्र्याचें. दुपारीं हात थांबला कीं कामानें तापलेली बॅटरी तो तशीच चार्जरला लावी. रात्रीं ती चार्जरवरच राही. सुट्टीच्या दिवशीं भरलेली बॅटरी पत्र्याखालीं पडून असे. शिवाय महिन्यांतून एकदां ती अगदीं रिकामी करावी, असें एका जुन्या कारागिरानें त्याला शिकविलें होतें. तेंही व्रत तो निष्ठेनें पाळीत होता. मला तरी मालांत खोट दिसली नाहीं. पथ्य मात्र दुसऱ्याच रोग्याचें होतें.

हें कसें घडलें तें समजण्यासाठीं बॅटऱ्यांच्या तीन जाति ध्यानांत घेतल्या पाहिजेत. पहिली शिशाची, ती गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. दुसरी निकेल आणि कॅडमियम या धातूंची. ती स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यानें १८९९ सालीं शोधिली. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीनें १९६१ सालीं बिनतारी ड्रिल काढलें, त्यांत ही दुसऱ्या जातीची बॅटरी होती. तिसरी लिथियमची, ती १९९१ सालीं सोनी कंपनीनें बाजारांत आणिली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक बिनतारी हत्यारांत हीच तिसरी जात असते.

निकेल-कॅडमियमच्या बॅटरीस एक खोड होती. ती वारंवार अर्धवट वापरून पुन्हां भरली, तर पुढें ती तेवढेंच काम देऊं लागे. म्हणून ती मधून मधून पूर्ण रिकामी करण्याचा सल्ला देत, आणि तो त्या काळीं योग्यच होता. लिथियमला ही खोड नाहीं. उलट ती तळापर्यंत रिकामी होणें हेंच तिला बाधक आहे. तेव्हां हत्याराची गति मंदावली कीं थांबावें; घोडा पुनःपुन्हां दाबून शेवटचा थेंब पिळून काढूं नये. रिकामी झालेली बॅटरी महिनोन् महिने तशीच पडली, तर तिच्यांतील उरलासुरला दाबही उतरतो आणि चार्जर तिला स्वीकारीत नाहीं. अशी निपचित बॅटरी दुसऱ्या बॅटरीच्या तारा लावून जागी करण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. ती करूं नये, कारण अशा बॅटरीच्या अंतर्भागीं बिघाड झालेला असूं शकतो आणि ती भारतांना पेट घेण्याचें भय असतें.

शिशाच्या बॅटरीची प्रकृति आणखी निराळी. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या पाठीवरील फवारणी पंपांत पुष्कळदां हीच बॅटरी असते. तिला रिकामें राहणें सोसत नाहीं. तिच्या पत्र्यांवर कठीण थर धरतो आणि ती पुन्हां भारली जात नाहीं. कापूस-सोयाबीनची फवारणी संपली कीं पंप माळ्यावर जातो, आणि पुढल्या खरिपांत शेतकरी तो काढतो तों बॅटरी मेलेली. शिशाची बॅटरी भरून ठेवावी व महिन्याकांठीं पुन्हां भरावी. लिथियमची मात्र अर्धी भरून ठेवावी. म्हणून आपल्या हातांतील बॅटरी कोणत्या जातीची, हें तिच्या अंगावरील अक्षरें वाचून आधीं पाहावें.

आतां उष्णतेकडे वळूं. आपल्या प्रांतांत खरी गोम तेथेंच आहे. बॅटरी म्हणजे एक रासायनिक व्यवहार आहे आणि उष्णतेनें असे व्यवहार, इष्ट आणि अनिष्ट दोन्ही, जलद होतात. सामान्यतः दिल्या जाणाऱ्या आंकड्यांप्रमाणें लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ४० अंश सेल्सिअस उष्णतेंत वर्षभर ठेविली, तर तिची शक्ति सुमारें ६५ टक्के उरते. तीच ४० टक्के भरून २५ अंशांत ठेविली, तर सुमारें ९६ टक्के उरते. दोन्ही बॅटऱ्यांनीं वर्षभर कांहींच काम केलेलें नाहीं, हें येथें लक्षांत घ्यावें. पुष्कळ कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत ४० अंशांवर बॅटरी भारूं नये असें छापलेलें असतें. मराठवाड्यांत वैशाखांतील दुपारीं सावलींतच पारा त्यापुढें जातो. पत्र्याखालीं काय होत असेल हें सांगावयास नको.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. काम संपल्यावर बॅटरी अर्धा तास निवूं द्यावी, मग ती भारावी. उन्हाळ्यांत हें काम पहाटे, अथवा घराच्या आंतल्या थंड खोलींत करावें. जुन्या माळवदाच्या घरांतील जाड भिंतीचा कोनाडा यासाठीं उत्तम. फ्रिजमध्यें मात्र ठेवूं नये. तेथून बाहेर काढतांच तिच्यावर दंव धरतें. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत किंवा दुचाकीच्या डिकींत तर ती कधींच विसरूं नये.

दुकानांत गेल्यावर १८, २० आणि २१ व्होल्ट अशा निरनिराळ्या बॅटऱ्या पाहून ग्राहक गोंधळतो. बहुधा तिन्हींत लिथियमच्या पांच घटांचीच रांग असते. प्रत्येक घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पांचांचे १८. आणि पूर्ण भरल्यावर प्रत्येकीं ४.२, म्हणजे २१. कोणी एक आंकडा छापतो, कोणी दुसरा. खरा फरक ॲम्पिअर-तासांत पाहावा. १८ व्होल्ट व २ ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार ३६ वॅट-तास. म्हणजे एका युनिट विजेंत अशी बॅटरी वीस-पंचवीस वेळां सहज भरते. तेव्हां काटकसर करावयाची ती विजेची नव्हे, बॅटरीच्या आयुष्याची.

सुरक्षिततेविषयीं दोन शब्द. लिथियमच्या घटांतील द्रव ज्वालाग्राही असतो. चार्जर त्या हत्याराचाच असावा. टोक बसतें म्हणून दुसरा वापरूं नये, कारण किती दाबावर थांबावयाचें हें त्यालाच ठाऊक असतें. बॅटरी फरशीवर ठेवून भारावी, गादीवर किंवा भुशाजवळ नव्हे. आणि सर्व मंडळी झोंपलीं असतां भारूं नये. खिळे-स्क्रूंच्या पिशवींत ती उघडी टाकूं नये. एखादा खिळा तिच्या दोन टोकांना जोडला गेला तर ठिणगी उडते. फुगलेली, फुटलेली किंवा विनाकारण तापणारी बॅटरी तत्काळ घराबाहेर मोकळ्या जागीं ठेवावी.

ऑगस्ट २०२५ मध्यें याच मुखेड तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि हसनाळ, रावणगांव आदि गांवांत पुराचें पाणी शिरलें. माणसें आणि जनावरें प्राणांस मुकलीं. अशा प्रसंगीं हत्यारांची काय कथा! परंतु पाणी ओसरल्यावर मनुष्य वांचलेलें सामान उन्हांत मांडतो, आणि उद्यांच्या मजुरीसाठीं पहिल्यानें हत्यारच हातीं घेतो. म्हणून सांगतों, पाण्यांत बुडालेली बॅटरी बाहेरून वाळलेली दिसली तरी पुन्हां भारूं नये. आंतील गंज आणि बिघाड कांहीं दिवसांनींही आग लावूं शकतो. ज्याचें सर्व वाहून गेलें त्याला ही बॅटरी टाकून दे म्हणणें कठीण आहे, हें मी जाणतों. तरीही तें सांगितलेंच पाहिजे.

निकामी बॅटरी घंटागाडींत टाकूं नये. बॅटऱ्यांच्या कचऱ्यासंबंधीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे त्याची चौकशी करण्यांत संकोच नसावा.

तो सुतार आतां पहाटे उठून घराच्या आंतल्या खोलींत बॅटरी भारतो आणि ती भरली कीं काढून ठेवितो. गेलेली शक्ति परत येत नाहीं, हें मीं त्याला सांगितलें. उरलेली मात्र जपतां येते. आपल्या कपाटांतही दिवाळीच्या सुमारास वापरून ठेवलेलें एखादें ड्रिल असेल. आज सवड काढून तें बाहेर काढावें. बॅटरी रिकामी असेल तर अर्धी भरावी, हत्यारापासून वेगळी करावी आणि घरांत सर्वांत थंड असेल त्या कोनाड्यांत ठेवावी.